करपलेला भात

हर्षाने गाईड उघडून सातवीतल्या समीक्षाच्या वहीशेजारी ठेवलं आणि लेकीचं उत्तर ओळीवर बोट ठेवून ताडू लागली. ‘बेचाळीसच्या आंदोलनात आपल्या गावाचा सहभाग लिहा.’ सरांनी दहापैकी दहा दिले होते. इतिहासात बी.ए. केलेल्या हर्षाला आजवर कोणी दहापैकी दहा दिले नव्हते. तिच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

उद्या पंधरा ऑगस्ट, स्वातंत्र्याची पन्नास वर्षं. समीक्षा हेच उत्तर मंचावर वाचणार होती आणि पोलीस ठाण्यावरच्या मोर्चातले म्हणून तिच्या आजोबांना, म्हणजे हर्षाच्या सासऱ्यांना, डोमाजींना, शाल मिळणार होती. उत्तर चोरीचं निघालं तर आष्टीभर छी-थू.

“कोणत्या गाईडातून उतरवलं?”

“कोणत्याच नाई.”

“मग शिकवणीच्या मास्तरनं लिहून देल्लं?”

“तू त माह्यामागं सी.आय.डी.च लावून राह्यली, आई!”

हर्षा पुन्हा वाचू लागली. ‘ठाण्याच्या दाराला आतून अडसर घातला. खिडकीच्या गजांतून लोक येताना दिसत होते. चुलीवरचा भात करपत होता, पण उतरवायला कोणी गेलं नाही.’

बोट भातावर थांबलं. मोर्चा बाहेर होता. चूल आत.

“हे कोणी सांगतलं तुले?”

“आबानं. भाताचं विसरू नको, म्हणे.”

वही आणि पेन घेऊन हर्षा ओसरीवर आली. डोमाजी नीळ दिलेली टोपी तांब्यावर पालथी घालून वाळवत होते.

“मामाजी, मोर्च्यातल्या माणसाले आतला भात कसा दिसला?”

डोमाजींनी टोपीची एक सुरकुती बोटाने सारखी केली. मग दुसरी.

“मोर्च्यात होतो, असं म्या कधी म्हटलं? लोकच म्हणत गेले. आधी भेव वाटे म्हणून गप राह्यलो. मंग मान मिळू लागला, म्हणून. बारा वर्साचा होतो. शिपायांच्या सैपाकाले ठेवलं होतं मले. भात म्याच चढवलता.”

हर्षाने पेनाचं टोपण काढलं होतं. तेवढ्या तीन ओळींवर काट मारली तर कोणाला काही कळणार नव्हतं.

“सूनबाई, उद्या पोरीले आधी वाचू देजो,” ते टोपीकडे पाहत म्हणाले. “शाल मंग, लोकायले तरी द्यावी वाटली त.”

हर्षा टोपण लावून आत गेली आणि वही लेकीच्या हातात दिली.

“उभी राह्य. मोठ्यानं वाच,” ती म्हणाली. “अन् भाताच्या ओळीवर घाई नको करजो.”