दहाव्या डावाचं शून्य

समुद्राकाठी, उसाच्या मळ्यांना लागून सान पेद्रो नावाचं गाव होतं. तिथे फेला नावाची विधवा राहायची, तिची एकुलती लेक नेरेइदा, आणि त्या नेरेइदावर जीव टाकणारा लेओन्सिओ. मी फेलाच्या भाताच्या पातेल्याची झाकणी बोलतेय.

मोडक्या भांड्यांचा रस साच्यात ओतून मला घडवलं. परातीएवढी मोठी आणि चांगली जड. भात शिजत आला की माझ्यावरही निखारे ठेवायचे, म्हणजे वरखाली सारखी धग लागते. त्यानं मी मधोमध काळीकुट्ट झाले. कड मात्र फेला रोज राखेनं घासायची, ती चांदीसारखी लखलखायची.

फेलाची चूल बेसबॉलच्या मैदानात, धावफलकाच्या अगदी खाली. सामना संपला की तुरीचे दाणे घातलेला, नारळाच्या दुधातला भात खायला गाव लोटायचं. लेओन्सिओ गावाच्या संघाचा पगारी गोलंदाज. फेलाला तो पसंत नव्हता.

"हात दुखावला की खाशील काय, चेंडू?" ती विचारायची.

राजधानीचा संघ आला त्या दिवशी तो पुन्हा चुलीपाशी घुटमळला.

"मावशी, काय ते एकदा सांगून टाका."

"सांगते. आज एकही धाव न देता जिंकून दाखव. मग ये मुलगी मागायला."

चार लोकांसमोर बोलली. मनात म्हणाली, सुटले बाई. राजधानीवाल्यांचे फलंदाज म्हणजे रेडे नुसते!

पण लेओन्सिओचा चेंडू त्या दिवशी कुणाला दिसेचना. समोरचा गोलंदाजही तसाच चिवट. फलकवाला तिलो शिडीवर चढून शून्याच्या पाट्या टांगतोय, टांगतोय. फेलाची मान सारखी वर.

"आई, तू भात बघ," नेरेइदा म्हणाली, "फलक मी बघते."

ठरलेले नऊ डाव संपले, दोन्हीकडे शून्यच. दहाव्यातही लेओन्सिओनं राजधानीवाल्यांना रिकाम्या हाती परत पाठवलं, आणि तिलोच्या पाट्या संपल्या. एवढी शून्यं कधी लागलीच नव्हती! पहिल्या डावाची पाटी काढायला गेला तर लोक ओरडले, "तो डाव काय आम्ही स्वप्नात बघितला?"

तिलोची नजर माझ्यावर पडली.

"मावशी, झाकणी द्या!"

"भात अर्धा कच्चा आहे, मेल्या!"

"तुम्हाला शून्य लागूच द्यायचं नाहीये, मावशी!"

ते तिला झोंबलं. फडक्यानं धरून तिनं माझ्यावरचे निखारे झटकले.

"घे. त्यानं कमावलंय ते त्याला मिळालंच पाहिजे. पण लवकर आण!"

कडेच्या कानाला दोरी बांधून तिलोनं मला टांगलं. मध्ये काळी, भोवती लखलखीत. काय शून्य दिसत होते मी! सगळं मैदान उभं राहून टाळ्या पिटायला लागलं. पण मला वरून दिसत होतं, भाताची वाफ भसाभसा चाललीय. फेलालाही दिसत होतं.

आता खेळी आपल्या संघाची, एक धाव झाली की सामना आपला. आपला ढोला चागो कसाबसा अर्ध्या वाटेवर, दुसऱ्या तळावर पोचून उभा होता; शेवटचा तळ, म्हणजे घर, गाठलं की धाव. तेवढ्यात पुढच्यानं चेंडू लांब टोलवला. चागो डुलत डुलत निघाला. फेला पळी घेऊन बाकावर चढली.

"पळ रे ढोल्या! माझा भात वाया चाललाय! घरी पोचला नाहीस ना, तर खरवडीचा कणसुद्धा मिळायचा नाही!"

खरवडीचं नाव काढल्यावर चागो जो सुटला! धुरळ्यात पोटावर घसरत त्यानं घर गाठलं. एक धाव! सामना खलास.

"सासूनंच जावई जिंकवला!" तिलो शिडीवरून ओरडला.

लेओन्सिओ टोपी हातात घेऊन आला. "मावशी..."

"मावशी काय, आई म्हण," फेला गुरगुरली. "आणि आधी ती झाकणी उतरव!"

भात कच्चटच राहिला. तरी लोकांनी बोटं चाटून संपवला, तो साखरपुडाच होता ना!

लेओन्सिओचा हात पुढे खूप वर्षं टिकला. नेरेइदाची खानावळ झाली. आता पोरं म्हणतात, आजीची झाकणी दर्शनी भिंतीवर टांगू या. नको रे बाळांनो. वरून सगळं दिसतं, पण भाताचा वास येत नाही. मला चुलीवरच राहू द्या. उद्या नेरेइदाच्या नातीचं लग्न आहे, आणि पंगतीला सगळं गाव यायचंय.