डेस्मंडची माती

कॉम्बलीच्या बागेचा मॅविसला राग होता, आणि तो झाकून ठेवण्याची तिला काही गरज वाटत नव्हती. फाटकापाशी स्वागताला उभ्या असलेल्या बाईने "काय सुंदर दिवस मिळालाय हो!" म्हटलं, तर मॅविस म्हणाली, "तुम्हाला मिळाला असेल," आणि छत्री टेकत पुढे निघाली.

ती नवऱ्याला भेटायला आली होती. दोन वर्षांपूर्वी डेस्मंड गेला आणि त्याची राख तिने याच बागेत, सूर्यघड्याळाशेजारच्या पांढऱ्या गुलाबाखाली टाकली. चोरून, अर्थात. बागेत राख टाकायची नाही अशी पाटी होती, पण ती पाटी वाचून परत गेलेला माणूस त्या गावात कुणाला माहीत नव्हता.

या गुलाबापायी डेस्मंडने तिचा जन्मभर जीव खाल्ला होता. दर जूनमध्ये तेच बाक, थर्मासमधला तोच चहा, अंड्याची तीच सँडविचेस. पाऊस आला तर छत्री उघडून तिथेच बसायचं. छातीत दुखतंय म्हणून डॉक्टरांनी बोलावलं, तेव्हा हा बाबा म्हणाला, "फुलं थांबत नाहीत गं, डॉक्टर थांबतो." तपासणी त्याने आठवडाभर पुढे ढकलली. डॉक्टर थांबला. डेस्मंड थांबला नाही.

"मला त्या गुलाबाखाली ठेव," असं तो नेहमी म्हणायचा. अंत्यविधीवाल्याने तिला समजावलं होतं, "बाई, मूठमूठ घ्या, लांबलांब पसरा." पण त्या दिवशी मॅविसच्या अंगाचा नुसता भडका उडाला होता. छत्रीच्या आडून राखेने भरलेला बिस्किटांचा डबा तिने मुळाशी सगळाच्या सगळा उपडा केला. "घे तुझा गुलाब! बस आता इथेच!" वर थर्मासमधला उरलेला चहाही ओतला.

मागच्या वर्षी खुब्याच्या शस्त्रक्रियेमुळे तिला येता आलं नव्हतं. आज ती कोपऱ्यावरून वळली आणि जागच्या जागी उभी राहिली.

सूर्यघड्याळ होतं. गुलाब नव्हता. त्याच्या जागी खडी पसरली होती.

"ए बाई!" जवळच गुडघ्यांवर बसून तण काढणाऱ्या मुलीला तिने हाक मारली. "इथला गुलाब कुठाय?"

मुलीने मान वर केली. टॅमसिन तिचं नाव, तीच इथली मुख्य माळीण. "मेला," ती म्हणाली.

"मेला? तुम्ही करत काय होतात मग? कॅफेत केक खात होतात?"

टॅमसिन उठली. हातातलं खुरपं तिने मातीत असं खुपसलं की मॅविस एक पाऊल मागे सरली. "आम्ही काय करत होतो? अहो, इथे दर आठवड्याला कुणाचे ना कुणाचे आजोबा येतात. डब्यातून! कुणी थोडी राख भुरभुरवून गेलं तर झाडाला कळतही नाही. पण इथे कुणी तरी महाभाग येऊन अख्खा माणूस एका जागी ओतून गेला. मुळं जळाली. हा गुलाब याच बागेत तयार झालेला, दुसरीकडे कुठेच नाही. मी काड्या लावल्या, एक जगली नाही. तो मेला ना, तेव्हा मी त्या शेडमध्ये बसून रडले. तो माणूस मला सापडला पाहिजे एकदा!"

पण मॅविसला विचारायचं होतं ते वेगळंच होतं. "आणि इथली माती?"

"काढली. राखेने सगळी खारट झाली होती. भिंतीमागे टाकलीय, कचऱ्याच्या ढिगाशेजारी."

"कचऱ्याच्या?" मॅविसचा आवाज इतका चढला की बाकावरच्या जोडप्याने सँडविच खाली ठेवलं. "माझा नवरा कचऱ्यात टाकलात तुम्ही?"

टॅमसिनचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "तुम्ही होय! तुम्ही ओतलंत!"

"मीच. द्या माझा माणूस, जाते मी. पुन्हा तोंड दाखवणार नाही तुमच्या या बागेला."

"मिळायचा नाही! इथल्या मातीचा कण बाहेर जात नाही, रोग पसरतो. नियम आहे तसा. आणि नियम नसता ना आजीबाई, तरी तुम्हाला दिला नसता!"

हुज्जत घालण्यात मॅविस कधी हरली नव्हती, पण इथे नुसत्या हुज्जतीने भागणार नव्हतं. डेस्मंड भिंतीपलीकडे, गवताच्या आणि चहाच्या चोथ्याच्या शेजारी पडला होता, आणि ही पोर त्याला सोडणार नव्हती. तिने छत्री घट्ट धरली. त्याचीच छत्री होती ती. मिटलेल्या छत्रीत काय काय मावतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. याच छत्रीत त्याने एकदा काहीतरी पळवलं होतं, आणि फाटकाबाहेर पडेपर्यंत तिला लाजेने घाम फुटला होता.

"तुम्हाला तो गुलाब परत हवाय?" ती म्हणाली.

"चेष्टा करताय?"

"आमच्या कोळशाच्या खोलीवर चढलाय. माझ्या नवऱ्याने काडी चोरली होती तुमची, खिशातल्या चाकूने. काड्या तोडू नका ही पाटी त्यानेही वाचली होती. शिक्षा करायची असेल तर करा, तुमच्याच ढिगात आहे तो."

"चोरटी जात!" टॅमसिन म्हणाली.

"आहेच. गुलाब घ्या, माझा नवरा द्या."

फावडं टॅमसिननेच आणलं. ढिगातली करडी माती निवडून तिने बादलीत भरली. सगळा वेळ तोंडाने शिव्या चालूच होत्या, पण सांडू तिने काही दिलं नाही. मॅविसने बादली मोटारीत पुढच्या सीटवर ठेवली आणि तिला पट्टा लावला. टॅमसिन आपल्या गाडीने मागोमाग निघाली.

मॅविसच्या परसात कोळशाच्या खोलीचं छप्पर पांढऱ्या फुलांखाली दिसत नव्हतं. बुंध्याशी करवत टेकवून ठेवलेली होती.

"ही कशाला?" टॅमसिनने विचारलं.

"कापणार होते. रोज खिडकीतून दिसतो मेला."

टॅमसिनने करवत उचलली आणि एक शब्द न बोलता आपल्या गाडीत टाकून आली. मग काड्या घ्यायला ती शिडीवर चढली.

मॅविसने बादलीतून मूठभर माती घेतली. या वेळी ती झाडापासून चांगली लांब गेली आणि हात पसरून थोडी थोडी सोडत राहिली.

"एक आठवडा," ती मातीला म्हणाली. राग तसाच होता, आवाज मात्र चढत नव्हता. "इथे दारात फुलला होता रे तो. घरी बसून बघितला असतास, आणि गेला असतास डॉक्टरकडे, तर काय बिघडलं असतं तुझं?"