तलावाचा तपकिरी फोटो

मोहाडीच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळणारी रेणू सुट्टीच्या दिवशी घरची न्हाणी बंद करून तिथे फोटो धूत असे. वडिलांच्या बंद पडलेल्या स्टुडिओतला एन्लार्जर, निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायचं यंत्र, तिने तिथेच मांडला होता. या हिवाळ्यात तिला एकच नाद लागला. तयार काळा-पांढरा फोटो फेरिसायनाइडच्या पिवळ्या पाण्यात फिका करायचा आणि मग सल्फाइडमध्ये बुडवून तपकिरी करायचा. सडक्या अंड्यांचा वास गल्लीभर जाई. रंग कधी विटकरी येई, कधी चहासारखा.

त्यातला एक फोटो फारच साधला. गेल्या उन्हाळ्यात तिनेच टिपलेल्या, गावच्या तलावातला गाळ काढणाऱ्या पाच बाया, पुढे डोक्यावर टोपली घेतलेल्या सत्यभामाबाई. मागे रोजगार हमीच्या कामाची पाटी होती. ती रेणूच्या डोळ्यांत खुपत होती. तपकिरी करण्याआधीच तिने पाटीवर ब्रशने फेरिसायनाइड फिरवलं, हायपोच्या, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या द्रावणात धुतलं आणि पाटी साफ उडवली. तिथे नुसतं आभाळ राहिलं.

धानाचे व्यापारी कैलाशभाऊ यांनी तो फोटो मागून नेला. "भिंतीवर लावतो, बाई," म्हणाले. रेणूला आनंदच झाला.

फेब्रुवारीत त्यांनी तलावाच्या बांधावर मांडव टाकून कार्यक्रम ठेवला, गावजेवण ठेवलं. मांडवात हार घातलेल्या चौकटीत तोच फोटो होता. खाली लिहिलं होतं: 'सन १९२५. कै. मारोतराव यांनी स्वखर्चाने तलाव खोदला, त्या वेळचे छायाचित्र.' मारोतराव म्हणजे कैलाशभाऊंचे आजोबा.

रेणूची कानशिलं तापली. शेजारी सत्यभामाबाई उभ्या होत्या.

"काय लिवलं हाय वं त्याच्यात?"

रेणूने वाचून दाखवलं.

"शंभर वर्सं? मंग मी मेली कवा?" म्हणत सत्यभामाबाई थेट स्टेजसमोर गेल्या. "कैलाशभाऊ, हे मी हावो. टोपली माह्या डोक्श्यावर हाय. तुमच्या आजोबांनं मले पाह्यलं तरी होतं काय?"

लोक हसले. कैलाशभाऊंचा चेहरा उतरला, पण ते सावरले. "जुन्या फोटोत साऱ्या बाया सारख्याच दिसतात. तुमचं काम होतं म्हणता, तं सरकारी पाटी कुठी आहे? दाखवा ना."

सगळे फोटोकडे पाहू लागले. तिथे आभाळ होतं.

रेणूला त्या माणसाचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. "पाटी मी पुसली," ती मोठ्याने म्हणाली. "मले चांगली नाही दिसली म्हणून. थांबा इथंच."

ती सायकलवर घरी गेली. निगेटिव्ह घेतली, वाटेत शाळेच्या प्रयोगशाळेतलं भिंग उचललं आणि परत आली. उपसरपंच श्रावण यांनी निगेटिव्ह उन्हाकडे धरली, भिंगातून एकेक अक्षर वाचलं. कामाचं नाव. गाव. गेल्या वर्षीचा मे महिना.



"एवढ्याशा गोष्टीचा तमाशा कायले करून राहिल्या?" कैलाशभाऊ पुटपुटले.

"एवढीशी?" सत्यभामाबाईंचा आवाज चिरका झाला. "तीन हप्ते उन्हात गाळ वाह्यला आमी. तुमी सावलीतून पाहून राह्यले होते. अन् नाव आजोबाचं?"

पाचही बाया न जेवता उठून गेल्या. त्यांच्यामागे अर्धी पंगत उठली. चौकट त्याच दुपारी उतरली. माफी मात्र कैलाशभाऊंनी मागितली नाही. आता बाजारात रेणू दिसली की ते गाडी वळवून घेतात.

दुसऱ्या दिवशी रेणूने त्याच निगेटिव्हवरून फोटो पुन्हा छापला, पाटीला हात न लावता, आणि सत्यभामाबाईंकडे नेऊन दिला. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला.

"पाटी पुसाचं सुचलं तुले. आमचे नाव लिवाचं नाही सुचलं काय?"

पाचांपैकी दोघींचीच नावं तिला ठाऊक होती. तिने फोटो उलटा केला, पिशवीतून पेन्सिल काढली. "सांगा, मावशी."

"पयले चंद्रकांताचं लिव," सत्यभामाबाई म्हणाल्या. "साऱ्याईत जास्त गाळ तिनंच वाह्यला."