डब्यातल्या दाण्यांचा आवाज

या, मुलांनो, जरा पुढे सरका. काचेवर बोटे उमटली तरी चालतील. पुसणाऱ्या मावशी मनाने चांगल्या आहेत. मित्रांनो, मी एक जुना मोर आहे. पेंढा भरलेला, डोळ्यांच्या जागी काचेचे मणी बसवलेला. एक गोष्ट सांगतो. ती माझी म्हणून सांगतोय खरा, पण तिच्यावर हक्क ज्याचा, तो सांगायला उरला नाही.

या प्राण्यांच्या बागेत आलो तेव्हा मी मुठीत मावेन एवढा होतो. मला वाढवले ते राखणदार दाणेमामांनी. देवाचे नाव गुणगुणत ते माझे अंगण झाडत आणि पोचे पडलेला एक पत्र्याचा डबा खुळखुळवत. "या ऐटबाज! का आमंत्रणपत्रिका छापून घेऊ?" मी मान वळवून, मुद्दाम उशीर करून जात असे.

देवाने मला पिसारा दिला तसे पंखही दिले. लोकांनी मात्र पिसाराच पाहिला. बागेच्या साहेबांनी माझ्या अंगणाला चारी बाजूंनी उंच जाळी मारली आणि वर छप्पर घातलेच नाही.

"एवढं लटांबर घेऊन हा कुठे उडतोय?" साहेब म्हणाले.

"उडतो, साहेब. फाटक बंद झालं की रोज त्या झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसतो."

"मामा, उद्या सांगाल, कासव पळत सुटलं!"

सारी कचेरी हसली. तिकीट खिडकीवरच्या ताईसुद्धा हसल्या.

पण मामांचे खरे होते. दोन पावले धावायचे, अंग आखडायचे आणि पंख असे झोडपायचे की खालची धूळ उठावी. पिसारा मागून मुकाट येतो. मात्र मामांखेरीज कुणादेखत मी कधी उडालो नाही. कौतुक पिसाऱ्याचे होत होते, मग पंख कशाला दाखवा? ती माझी ऐट. तिचीच टोचणी आजवर आहे.

एकदा बाग बंद असताना, भर दुपारी, रस्त्यावर मालट्रकचे चाक फुटले. त्या आवाजाने मी घाबरून उडालो तो झाडावर, तिथून कौलांवर, तिथून कालव्यापलीकडच्या रानात.

मागे काय झाले ते पुढे ताईंनीच माझ्यासमोर रडत सांगितले.

"जाळी शाबूत, कुलूप शाबूत, किल्ली एकट्या तुमच्याकडे," साहेब म्हणाले. "कुणाला विकलात तेवढं सांगा. बाकी मी सांभाळून घेतो."

"उडाला, साहेब."

"पुन्हा तेच!"

"हातानं भरवलंय मी त्याला. लेकरू विकतं का कुणी?"

मामांकडून किल्ली काढून घेतली, अंगावरचा खाकी सदराही. डबा तेवढा त्यांनी बगलेत मारून नेला.

मित्रांनो, आठ दिवस मी तो डबा ऐकत होतो. मामा कालव्याच्या काठाने फिरत आणि हाका मारत, "ऐटबाज, चल रे बाबा! माझी अब्रू तुझ्या पंखांत आहे!" रानात कोवळे अंकुर होते, किडे होते, कुठल्याच बाजूला जाळी नव्हती. मी म्हणत होतो, उद्या जाऊ.

नवव्या दिवशी डबा वाजला नाही.

मी उडालो. कालवा ओलांडला, रस्ता ओलांडला, आणि सुट्टीच्या गर्दीदेखत जाळीवरून अंगणात उतरलो. "मोर उडतो!" एक चिमुरडी ओरडली. साहेब दारात उभे होते. हातातला चहा त्यांच्या बुटांवर सांडत होता.

त्यांनी तडक मामांकडे माणूस धाडला. तो एकटाच परत आला. मामा पहाटेच गेले होते. कालव्याच्या काठी बसल्या बसल्या, डबा मांडीवर ठेवून.

मग माझ्या अंगणावर छप्पर चढले. त्याची गरज नव्हती. मी पुन्हा उडालो नाही. मेल्यावर मला इथे उभे केले. पिसारा विंचरला, पंख अंगाला चिकटवून टाकले आणि खाली पाटी लावली : 'डौलदार चालीचा पक्षी'. कचेरीच्या कागदावर मामांच्या नावापुढचा ठपका मात्र कुणी खोडला नाही.

आजही फाटक बंद झाले की मागच्या दारी डबा खुळखुळतो. मावशींचा केरसुणीचा हात थबकतो. "मेले उंदीर," त्या पुटपुटतात, आणि रोजच्यापेक्षा लवकर दिवा मालवून जातात. सकाळी कपाट उघडले की त्यांना माझ्या पायांपाशी बारीक पिसे दिसतात, आणि काचेवर आतल्या बाजूने धूळ. कुलूप तर रात्रभर बंद असते.

मित्रांनो, कुणी जीव तोडून खरे सांगत असेल तर हसण्याआधी एकदा वर बघा. मोराला उडता येत नाही असे कुणी म्हणालेच, तर सांगा, येते. आणि त्याच दमात एवढेही सांगा, की दाणेमामांनी मोर विकला नव्हता. माझ्याने आता सांगवत नाही. तुम्ही तेवढी त्यांची आठवण ठेवा.