अंगठ्यावरचं लाल नेलपॉलिश

अनोमाच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर लाल नेलपॉलिश, उत्पलाचे पाय कोरे. आमच्या घरात माझ्या जुळ्या पोरींची ओळख ती एवढीच. नाक, डोळे, कपाळावर येणारी बट, रडायचा सूर, सगळं दोघींचं एकच. सहाव्या महिन्यात एकदा रंग निघाला, तर माझ्या सासूबाईंनी, केसरबाईंनी, एकीलाच दोनदा खिमट भरवलं आणि दुसरी उपाशी बोंबलत राहिली. तेव्हापासून मी बाटली शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्येच ठेवली. मी घरी शाळेचे गणवेश शिवते. रविवारी आधी अंगठा रंगवायचा, मग चहा.

पोरी आठ महिन्यांच्या झाल्या आणि माळशिरसहून धम्मप्रियाताई आली. ही माझी नणंद, प्रदीपची थोरली बहीण. लग्नाला तेरा वर्षं झाली, पदरी मूल नाही. पुण्याचे दवाखाने करून थकली बिचारी. जेवणं झाल्यावर तिनं पिशवीतून एक पिवळा फ्रॉक काढला. एकच. दोन पोरींच्या घरात एक फ्रॉक! मला तिथंच खटकलं.

"संघप्रिया," ती म्हणाली, "एक माझ्या पदरात घाल."

मी काही बोलायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, "घाल की. दोघी एकसारख्याच हायत. एक गेली तरी एक तुज्या डोळ्यासमोर ऱ्हातीय."

माझं डोकंच फिरलं. "आई, स्टीलचे डबे हायत व्हय? एक दिला तरी दुसरा हाय म्हणायला?"

प्रदीपकडे बघितलं, तर हा मोबाइलात तोंड खुपसून बसलेला. "तुमी बोला की काहीतरी," म्हटलं. "तू म्हणशील तसं," म्हणाला. असला राग आला मला!

त्या रागातच मी ड्रॉवर उघडला, रिमूव्हरची बाटली घेतली आणि सगळ्यांसमोर अनोमाचा अंगठा पुसून टाकला. "ताई, आठ दिवस ऱ्हावा हितं. आठव्या दिवशी मला सांगा यातली अनोमा कुठली. सांगता आलं न्हाय, तर हा विषय जन्मात काढायचा न्हाय."

"आणि सांगता आलं तर?"

"तर न्या एक," म्हणून बसले. जीभ आवरली नाही.

पण मी अगदीच बिनविचारानं बोलले नव्हते. अंगावर घेतलं की मला कळायचं. अनोमा दूध पिताना घाई करते, दोनदा ठसकते. उत्पला आपली निवांत, डोळे मिटून. नेलपॉलिश नसलं तरी मला तेवढं पुरायचं. आणि ताईला ते कधीच कळणार नव्हतं. ज्या गोष्टीसाठी ती बाई तेरा वर्षं तडफडली, त्याच गोष्टीवर मी पैज लावली होती. लाज वाटत होती मला, खोटं कशाला बोलू? पण पोरगी द्यायची नव्हती म्हणजे नव्हती.

ताई कामाला लागली. न्हाऊमाखू घालणं, लंगोट बदलणं, आमच्या जुळे सोलापूरच्या बागेत कडेवर फिरवणं, सगळं तिनं अंगावर घेतलं. पहिल्या दिवशी दहा वेळा नावं चुकली; पाजायला घेतलं की मीच बरोबर नाव सांगायची. दुसऱ्या दिवशी तळवे बघून झाले, कानामागं बघून झालं, केसातले भोवरे मोजून झाले. काही सापडेना. मी मशीनवर बसून मनातल्या मनात हसत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी पोरी झोपल्या, तेव्हा ती त्यांच्याजवळ बसली ती उठलीच नाही. त्यानंतर तिनं शोधायचं सोडलं. मला वाटलं, हरली.

आठव्या दिवशी सकाळी मी दोघींना एकसारखी झबली घातली आणि म्हटलं, "सांगा ताई."

"आत्ता न्हाय. झोपू दे."

अकराच्या सुमाराला दोघी पेंगायला लागल्या. ताईनं दोघींना चादरीवर वीतभर अंतरानं ठेवलं. सासूबाई दारात, प्रदीप खुर्चीत. डावीकडचीचा हात हळूहळू सरकत शेजारणीकडे गेला. गाल चाचपला, मग कानाची पाळी सापडली. ती चिमटीत धरून पोरगी गाढ झोपली.

"ही अनोमा," ताई म्हणाली. "जी कान धरती ती अनोमा. धरू देती ती उत्पला."

बरोबर होतं. मी सकाळीच पाजताना ओळखून ठेवलं होतं. आठ महिने मी आई, आणि पोरी झोपल्या की मी मशीनवर! मला हे दिसलंच नव्हतं.

"झालं तर मग!" सासूबाई म्हणाल्या.

"काय झालं न्हाय," मी पोरींच्या आडवी जाऊन बसले. "शब्द मोडला म्हणा, खोटारडी म्हणा, गावभर सांगा. माजी एकबी पोरगी ह्या घरातनं जाणार न्हाय."

"ताई, तिचं बरोबर हाय," प्रदीप उठून उभा राहिला. आठ दिवसांनी का होईना, तोंड उघडलं.

ताई आमच्याशी भांडली नाही. माझ्या खांद्यावरून वाकून तिनं उत्पलाला अलगद उचललं आणि दोन पावलं मागं सरली. चादरीवर अनोमाचा हात चाचपडायला लागला. इकडं, तिकडं. काही सापडेना तशी ओठ काढून रडायला लागली.

"तिसऱ्या दिवशी मी असंच उचलून बघितलं," ताई म्हणाली. "तवाच कळलं, मला न्हाय जमणार. पाच दिवस उगं ऱ्हायले मी. मन भरंना, म्हणून ऱ्हायले." तिनं उत्पलाला जागेवर ठेवलं. हाताला कान लागला तशी अनोमा थांबली.

मी ताईला मिठी मारली आणि दोघीही ढसाढसा रडलो. रडता रडताच ती म्हणाली, "फ्रॉक ठेव. दुसरा घेऊन येते पुढच्या महिन्यात."

सासूबाईंना काय करावं सुचेना. त्या ड्रॉवर उघडून नेलपॉलिशची बाटली शोधायला लागल्या. "पुन्ना रंगवा बाई एकीचा अंगठा. मला कसं कळायचं कोण कुठली?"

ताईनं डोळे पुसले. "रंग कशाला, आई? मला फोन करून विचार की."