आजोबांचा उजवा डोळा

काचेवरचा डाग पुसूनही गेला नाही. तिने फडक्याची दुसरी घडी काढली, यंत्राच्या काचेवर तोंडाची वाफ सोडली, पुन्हा पुसलं... काच लख्ख. वाकून पाहिलं, तर तो आपला जागच्या जागी, डाव्या कोपऱ्यात, साबणाच्या पाण्यासारखा. सकाळीच मुलगी वैतागली होती, "आई, किती पुसशील तो चष्मा? झिजेल गं!" नळाचं पाणीच खराब येतं हल्ली, असं तिने मुलीला सांगितलं होतं.

समोर टॉवेलात गुंडाळलेला आजोबा. प्रयोगशाळेच्या वहीत सतरा नंबर, पण सात वर्षांच्या सशाला नंबरने कोण हाक मारणार! सशाच्या डोळ्यातलं भिंग जन्मभर वाढतं — नवा पदर बाहेरून चढतो, जुना आत दबतो — आणि वय होतं तसं गढुळतं. किती गढुळलं ते यंत्रातून बघून शून्य ते चार आकडा द्यायचा, एवढंच तिचं काम. नजर मात्र पहिल्या दिवसापासून एकाच माणसाची हवी, म्हणून सात वर्षं तिचीच. डोळ्यांत तेल घालून केलेलं काम. लागोपाठ दोनदा तीन आला की ससा मारतात आणि त्याचं भिंग वजन करण्यासाठी, टिकवायच्या औषधाच्या बाटलीत जातं. मागच्या आठवड्यात आजोबांना तीन दिला होता. आजही तीनच दिसत होता.

आजोबांना पिंजऱ्यात ठेवून तिने नव्या पिल्लांतलं एक घेतलं. तीन महिन्यांचं, टॉवेलात मावेना इतकं वळवळणारं. प्रकाशाची फट डोळ्यावर आणली, वाकली... आणि तिथेही साबणाचं पाणी. डाव्या कोपऱ्यात. तेवढंच.

तीन महिन्यांच्या पिल्लाला कसला आलाय मोतीबिंदू!

वडील घड्याळं दुरुस्त करायचे. शेवटची दोन वर्षं चाकाचा दात दिसत नसे, तर म्हणायचे, घड्याळच म्हातारं झालंय, मी काय करू? आई गुपचूप मागच्या खोलीत जाऊन स्क्रू पुन्हा पिळायची. तेव्हा किती हसलो होतो आम्ही बहिणी... आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून. आणि मी सात वर्षं वाकूनच तर पाहतेय. मुलगी डोळे तपासून घे म्हणाली तेव्हा मनात आलं होतं, कशाला हात दाखवून अवलक्षण? म्हणजे कुठेतरी ठाऊक होतं मला. ठाऊकच होतं.

तिने पिल्लू ठेवलं, आजोबांना पुन्हा घेतलं. आता आपला नेहमीचा उजवा डोळा मिटून, एकट्या डाव्याने पाहिलं. गढूळपणा होता. पण कमी. दोन? की तीनाच्या अलीकडचा? डाव्या डोळ्याची सवयच नव्हती तिला, त्याचा आकडा कोण मानणार, आणि त्याला तरी धड दिसतंय हे कशावरून?

"ताई," विभागाच्या प्रमुख बाई दारातूनच म्हणाल्या, "आजोबांचं काय? तीनच ना?"

"बघतेय अजून."

"बघा बघा, घाई नाही. तुमच्या नजरेवर तर चाललंय सगळं."

बाई गेल्या. सकाळपासून काचच खराब असावी म्हणून ती धडपडत होती. आता आयुष्यात पहिल्यांदा, अगदी जिवाच्या आकांताने, तिला आपलीच नजर खराब असावी असं वाटलं. हे धुकं माझं असू दे, याचं नको. याला जगू दे. आणि ते वाटताक्षणी तिची मान आपोआप फळीकडे वळली, जिथे या वर्षी तिने दिलेल्या तीनावर गेलेल्या चौघा सशांच्या बाटल्या होत्या. नऊ नंबर. बावीस. एकाच वेताच्या त्या दोघी बहिणी. खरंच गढुळली होती का ती भिंगं? औषधात पडलं की स्वच्छ भिंगही पांढरं होतं. आता विचारणार कुणाला?

धुकं माझं असेल तर हा वाचला. पण मग ते चौघं...

टॉवेलात आजोबा शांत होता. त्याचं नाक तिच्या मनगटाला लागून भरभर हलत होतं, आणि पेन्सिल हातात धरून ती काय मागावं हेच विसरली होती.