सतरा अंश

चौतीस वर्षं मी उभा आहे. उगाच म्हणायचं म्हणून म्हणत नाही, खरंच उभा आहे. जळगावात हायवेवरच्या ज्या हॉटेलात मी कॅप्टन आहे, तिथल्या हॉलमध्ये ऐंशी खुर्च्या आहेत आणि त्यातली एकही आमच्यासाठी नाही. गिऱ्हाईक असो नसो, नोकराने हॉलमध्ये टेकायचं नाही, हा आमच्या मालकांच्या, बन्सीलाल शेठच्या, वडिलांनी घालून दिलेला नियम. आम्ही जेवतोसुद्धा उभ्यानेच, पॅन्ट्रीतल्या डीप फ्रीझरच्या झाकणावर ताट ठेवून. कॅप्टन म्हटलं की लोकांना काहीतरी मोठं वाटतं. कोट घातलेला वेटर, दुसरं काही नाही.

आता सत्तावन्न पूर्ण झाली. पायांच्या शिरा निळ्या होऊन फुगल्या आहेत. रात्री घरी गेलो की सविता, माझी बायको, पायांखाली दोन उशा ठेवते. डॉक्टर म्हणाले, "बसायचं काम बघा." त्यांना सांगायला काय जातं! पण या मे महिन्यात खरंच एक खुर्ची रिकामी होणार होती. आमचे स्टोअरकीपर छगन नाना महिनाअखेरीला काम सोडणार होते. वेताची खुर्ची, एक हात मोडलेला, वर शिवलेली उशी. आलेला माल बघायचा, किल्ल्या सांभाळायच्या आणि बसायचं. मला या वयात दुसरं काहीही नको होतं.

मी शेठना जाऊन सांगितलं. शेठ पानाचा विडा गालात सरकवत म्हणाले, "देवचंद, एकवीस तारखेला मुलीच्या होणाऱ्या सासरची मंडळी पुण्याहून येताहेत. व्याही फक्त लाल वाइन घेतात आणि त्यांना त्यातलं कळतं म्हणे. ते जेवण नीट पार पाड. एक तारखेपासून छगनची खुर्ची तुझी. शब्द देतो."

वाइन मी कधी चाखलेली नाही. दारूचा थेंबही नाही. दर रविवारी विहारात पंचशील म्हणताना दारू वर्ज्य करणाऱ्या पाचव्या शीलापाशी माझा आवाज जरा खाली येतो, एवढंच. सविता म्हणते, "तुम्ही पिता थोडेच? तुम्ही वाढता." तिचं म्हणणं बरोबर असेल. पण चौतीस वर्षं दुसऱ्याच्या ग्लासात ओतलेलं कुठेतरी जमा होत असेलच की. त्याचाही एक थकवा असतो.

आमच्या मॅनेजर मृणाली मॅडम. धुळ्याची मुलगी, वय सव्वीस, पुण्याला हॉटेलचं शिक्षण घेऊन आलेली. मला 'देवचंद काका' म्हणते आणि अहोजाहो करते, म्हणून मला तिच्याबद्दल माया आहे. वाइनच्या सहा बाटल्या नाशिकहून आल्या तेव्हा तिने सगळ्यांना बजावलं, "लाल वाइन फ्रिजमध्ये ठेवायची नाही. पुस्तकात स्पष्ट आहे. ती खोलीत ठेवायची." आम्ही ठेवली खोलीत. आमची माल ठेवायची खोली गच्चीवर, वर पत्रा. ते पुस्तक लिहिणाऱ्याने जळगावचा मे महिना बघितला नसणार. बाहेर चव्वेचाळीस, पत्र्याखाली किती ते देव जाणे. आणि मला तरी काय म्हणावं? चौतीस वर्षं याच गावात घाम गाळतोय, पण मॅडम म्हणाल्या म्हणून मीच स्वतःच्या हाताने त्या बाटल्या तिथे नेऊन मांडल्या. चौथ्या दिवशी बघतो तर बुचं वर आलेली आणि लेबलांवर चिकट ओघळ. मॅडमनी एक बाटली उघडून चव घेतली आणि त्यांचा चेहरा पडला.

"शिजली, काका."

मी वास घेतला. जांभळाचा मुरंबा करपल्यासारखा वास होता.

मॅडमनी कंपनीला फोन करून गयावया केली. दुसऱ्या सहा बाटल्या आल्या तेव्हा जेवणाला आठ दिवस उरले होते. "सोळा ते अठरा अंश," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडे बाटलीला पट्ट्यासारखं बांधायचं थर्मामीटर होतं. "त्याच्या वर गेली की नुसती दारू लागते, खाली गेली की मुकी होते, चवच उघडत नाही." मी म्हटलं, मग ठेवा की फ्रिजमध्ये आणि त्या दिवशी काढा बाहेर. पण दुधाने तोंड पोळलेली पोरगी ती, ताकही फुंकून पिणार. शिवाय आमचे फ्रिज बिअरचे, चार अंशांवर, दर दोन मिनिटांनी उघडणारे. दुपारी लाइट गेली की जनरेटरवर फक्त हॉल चालतो, फ्रिज नाहीत. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांची ही पहिलीच नोकरी होती. आणि मला दिसत होती ती वेताची खुर्ची, हळूहळू लांब जाताना.

तेव्हा मला हारुन आठवला.

हारुन माझा साक्रीचा शाळासोबती. आम्ही दोघंही पोटासाठी इकडे आलो, मी हॉटेलात लागलो आणि तो केळीच्या धंद्यात शिरला. आता असोद्याच्या रस्त्यावर त्याचं केळी पिकवायचं चेंबर आहे. दाराशेजारी भिंतीत लाल आकडा दिवसरात्र पेटलेला असतो: सतरा. कधी सोळा, कधी अठरा. केळीला तेवढंच लागतं. लाइट गेली तरी त्याचा जनरेटर अर्ध्या मिनिटात सुरू होतो, कारण केळी कुणासाठी थांबत नाही. त्या दाराबाबत हारुन भारी कडक. वेळ झाल्याशिवाय ते उघडायचं नाही. एकदा उघडलं की आकडा चढतो, आणि एकदा का माल डागाळला की व्यापारी हात लावत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी रिक्षा करून गेलो. हारुन पाच वेळचा नमाजी माणूस. त्याच्यापुढे वाइनचं बोलायचं म्हणजे कठीणच. तरी बोललो.

तो आमच्या अहिराणीतच उसळला. "मना चेंबरमा दारू? देवचंद, तुले काही लाजलज्जा शे का? लोके काय म्हनतीन?"

"मी बी पेत नही हारुन, तुले माहीत शे."

"मंग कसाले ह्या उद्योग?"

मी खुर्चीचं सांगितलं. छगन नानांची वेताची खुर्ची, मोडका हात, उशी, सगळं. सांगताना मला स्वतःचीच लाज वाटली. सत्तावन्न वर्षांचा माणूस एका मोडक्या खुर्चीसाठी मित्राला त्याच्या धर्माविरुद्ध जायला सांगतोय. हारुन खाली बघत होता. माझी पॅन्ट घोट्यापाशी जरा वर सरकली होती.

"तुना पाय ते बठ्ठा सुजी गयात रे," तो म्हणाला. मग भिंतीतला आकडा बघून आला. शेवटी म्हणाला, "मी हात लावाव नही. मना मानसंबी लावावत नही. तू ठेव, तूच काढ. पोतामा गुंडाळीसन ठेव, माले दिसाले नको. आनि भाडं देशी ते दोस्ती तुटी."

मी बाटल्या पोत्यात गुंडाळून आतल्या कोपऱ्यात, हिरव्या केळीच्या क्रेटमागे आडव्या ठेवल्या. आत आल्याआल्या पायांना गार वाटलं. वाटलं, इथेच बसावं. पण हारुन दार लावायला उभा होता, म्हणून बाहेर आलो.

एकवीस तारखेला संध्याकाळी सहाला मी बाटल्या आणायला गेलो. हारुनने दार उघडलं आणि तोंड फिरवून उभा राहिला. आकडा सोळावर होता. ओल्या पोत्यात बाटल्या गुंडाळून मांडीवर घेऊन रिक्षात बसलो. उन्हं कलली होती तरी वारा तव्यावरून आल्यासारखा लागत होता. वाटेत दोनदा पोत्यावर पाणी शिंपडलं. रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, "काय बाळबीळ आहे का काका?" मी म्हटलं, "तसंच समज."

आठ वाजता मंडळी बसली. मॅडमनी पॅन्ट्रीत बाटलीला पट्टा बांधला. मी पालथा हात लावून म्हटलं, "सतरा." पट्टा बघून मॅडम हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या. सतराच होतं.

मी व्याह्यांच्या ग्लासात आधी घोटभर ओतली. त्यांनी ग्लास फिरवला, नाकाशी नेला, घोट घेतला आणि डोळे मिटले. मी नॅपकिन हातावर घेऊन उभा. पोटऱ्या ठणकत होत्या. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "वा! बन्सीलालजी, पुण्यातसुद्धा इतकी नेमकी देत नाहीत हो. भर मे महिन्यात, तीही जळगावात! जरासा केळीचा वास आहे मागे. फार सुरेख."

मी खाली बघितलं. शेठनी त्याच आनंदात आपल्या ग्लासात बर्फाचे दोन मोठे खडे टाकून घेतले.

"ही सांभाळली कुणी?" व्याह्यांनी विचारलं.

मृणाली मॅडम बाजूलाच होत्या. सरळ स्वतःचं नाव घेतलं असतं तर कुणी विचारलं नसतं. पण पोरगी सरळ मनाची. "देवचंद काकांनी," त्या म्हणाल्या. "आठ दिवस त्यांनीच सांभाळली. मला तर काही जमलं नव्हतं. हात लावून अंश सांगतात ते." सगळं टेबल माझ्याकडे बघायला लागलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. खोटं कशाला बोलू, छाती भरून आली. वाटलं, झालं, मिळाली खुर्ची.

व्याही उठून माझ्याशी हात मिळवायला आले. "यांना सोडू नका, बन्सीलालजी. अशी माणसं मिळत नाहीत. लग्नाला आमचे तीनशे पाहुणे असतील, वाढायला हेच हवेत."

मंडळी गेली. शेठ पोर्चमध्ये पान खात उभे होते. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. असा हात त्यांनी कधी ठेवला नव्हता.

"देवचंद, इज्जत राखलीस."

"शेठ, एक तारखेचं…"

"अरे, वेडा आहे का मी? असा माणूस स्टोअरमध्ये किल्ल्या मोजत बसवायचा? तिथे त्या प्रेमराज वेटरला टाकतो, तो तसाही काही कामाचा नाही. तू हॉलमध्येच पाहिजेस. नवा कोट शिवून घे. सत्तर वर्षांचा होईस्तोवर तुला हलवत नाही, जा!"

ते खरंच खूश होते. मला काही तरी मोठं दिलं, असंच त्यांना वाटत होतं. मागे मृणाली मॅडम उभ्या होत्या. त्यांना खुर्चीचं काहीच माहीत नव्हतं, मीच कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हणालो, "मेहरबानी, शेठ." दुसरं काय म्हणणार? वाईट वाढली असती तर खुर्ची नसती, चांगली वाढली म्हणूनही खुर्ची नाही. आणि राग तरी कुणाचा धरायचा? सगळे माझ्याशी चांगलेच वागले होते. मग आत जाऊन ग्लास आवरले, उभ्यानेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी हारुनची पोती परत द्यायला गेलो. ड्यूटी पाचला होती. तो चेंबरबाहेर क्रेट मोजत होता. मला बघून थांबला.

"भेटनी का खुर्ची?"

मी नकारार्थी मान हलवली. "चांगलं काम व्हयनं म्हनीसन नही भेटनी." सगळं सांगितलं. सांगताना हसू यावं असं वाटत होतं, पण मध्येच मी भिंतीकडे तोंड केलं.

हारुनने मोजणी सोडली. त्याने एक रिकामा क्रेट उलटा करून चेंबरच्या दाराला लागून ठेवला. मी आणलेलं पोतं झटकून, चौघडी करून त्यावर घातलं.

"बस."

मी बसलो. त्याने वाकून माझ्या पायांतल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. मी नको नको म्हणेपर्यंत त्याने चेंबरचं दार हातभर उघडलं. आतली गार हवा, पिकत्या केळीचा वास घेऊन, माझ्या पायांवर आली. घोट्यांवर, मग पोटऱ्यांवर. किती वर्षांनी कुणास ठाऊक, दुखणं जरा बाजूला सरकलं. भिंतीतला लाल आकडा अठरा झाला. मग एकोणीस.

"लाव रे दार," मी म्हणालो. "माल खराब व्हई."

"व्हऊ दे," हारुन म्हणाला. "तू बस."